मोनालिसा नेपोलियनने लुटली नव्हती. लुटलेलं चित्र तिच्या समोरच्या भिंतीवर आहे

'हे तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही' अशा ओळीने सुरू होणारा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नेपोलियनने इटली जिंकल्यावर फ्लॉरेन्सच्या राजवाड्यातून मोनालिसा उचलून पॅरिसला नेली. १९११ मध्ये विन्चेन्झो पेरुज्जा नावाच्या इटालियन देशभक्ताने ती मायदेशी परत आणली, पण फ्रान्सने त्याला चोर ठरवून तुरुंगात डांबलं. आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात काचेआड आहे ती नक्कल, खरी तळघरात आहे, म्हणून लूव्र ती कधीच कुणाला प्रदर्शनासाठी देत नाही. आणि युरोपभर इटालियन कलेची जी प्रदर्शनं भरतात तो सगळा लुटीचा माल, तेव्हा तिकीट काढून तो बघणाऱ्यांनी लाज बाळगावी. शेवटी कोहिनूरचा फोटो आणि 'पुढे पाठवा'.

असले मजकूर मी एरवी वाचून सोडून देते. हा माझ्या मावशीपर्यंत पोचला. मावशीने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पुढच्या महिन्यात ती युरोपच्या सहलीला निघाली आहे, आणि तिच्या गटातल्या बऱ्याच जणांनी 'लूव्र नको, त्या वेळात खरेदी ठेवा' असं सहल नेणाऱ्यांना कळवून टाकलं. 'चोरीचा माल बघायला पैसे कशाला द्यायचे?' हे वाक्य मावशीच्या तोंडून फोनवर ऐकल्यावर मला गप्प बसवेना.

पहिला दावा पुस्तकात सापडणार नाही असं म्हणतात, पण त्याचं उत्तर मात्र एका पुस्तकातच आहे. जॉर्जो वाझारी हा स्वतः चित्रकार. त्याने इटालियन चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकारांची चरित्रं लिहिली, ती १५५० मध्ये फ्लॉरेन्समध्येच छापली गेली. लिओनार्दोच्या चरित्रात तो मोनालिसाबद्दल लिहितो आणि स्पष्ट सांगतो की हे चित्र फ्रान्सच्या राजा फ्रान्स्वाकडे फाँतेनब्लोच्या राजवाड्यात आहे. नेपोलियनचा जन्म १७६९ चा. जन्माला यायच्या २१९ वर्षं आधी त्याने चित्र कसं लुटलं, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं. माझ्या मते हा मुद्दा इथेच संपतो.

तरी चित्र तिकडे गेलं कसं, हेही सांगते. लिओनार्दो ते स्वतः घेऊन गेला. १५१६ च्या सुमारास, चौसष्टीच्या आसपास असताना, तो राजा फ्रान्स्वाच्या निमंत्रणावरून फ्रान्सला गेला. राजाने त्याला आंब्वाजजवळ राहायला वाडा दिला आणि वर्षासन बांधून दिलं. १५१७ च्या ऑक्टोबरमध्ये एक इटालियन कार्डिनल, म्हणजे कॅथलिक पंथाचा बडा धर्मगुरू, त्याला भेटायला गेला, तेव्हा कार्डिनलच्या चिटणिसाने रोजनिशीत तिथे पाहिलेल्या चित्रांची नोंद केली. त्यात एका फ्लॉरेन्सच्या स्त्रीचं चित्र आहे. ती मोनालिसाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. २ मे १५१९ ला लिओनार्दो तिथेच वारला. चित्र राजघराण्याकडे आलं, पुढे व्हर्सायला गेलं आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लूव्रमध्ये. ज्या गिऱ्हाइकासाठी ते काढायला घेतलं होतं त्याच्या हाती ते कधी पडलंच नाही, मग फ्लॉरेन्सच्या राजवाड्याचा प्रश्नच कुठे येतो?

नेपोलियनचा संबंध एवढाच, की काही वर्षं त्याने हे चित्र त्वीलरी राजवाड्यातल्या आपल्या शयनगृहात लावलं होतं. ते पॅरिसमध्येच होतं, पॅरिसमध्येच राहिलं.

आता मला मान्य करावंच लागेल की नेपोलियन इटलीत लुटारूच होता. त्याबद्दल शंका नाही. १७९६ चा बोलोन्याचा युद्धविराम आणि १७९७ चा तोलेंतीनोचा तह, दोन्हींत पोपकडून १०० कलाकृती आणि ५०० हस्तलिखितं घ्यायचं कलम आहे. लाओकून आणि अपोलो बेल्वेदेरे ही जगप्रसिद्ध शिल्पं पॅरिसला नेली आणि १७९८ मध्ये रस्त्यावरून मिरवणूक काढून लोकांना दाखवली. बोलोन्यातून ग्वीदो रेनीची चित्रं गेली. व्हेनिसहून संत मार्कच्या चर्चवरचे चार घोडे गेले (व्हेनिसलाही ते १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीत मिळाले होते, हेही सांगायला हवं). इटलीतून पाचशेच्या आसपास चित्रं नेली गेली. नेपोलियन वॉटर्लूच्या लढाईत हरल्यानंतर १८१५ मध्ये पोपने शिल्पकार आंतोनिओ कानोव्हाला पॅरिसला धाडलं आणि त्याने खटपट करून पुष्कळ माल परत नेला. चित्रांपैकी साधारण निम्मी परतली.

न परतलेल्यांपैकी सगळ्यात मोठं चित्र नेमकं कुठे आहे माहीत आहे? मोनालिसाच्या दालनात, तिच्या समोरच्या भिंतीवर. पाओलो वेरोनेझेचं 'काना गावातलं लग्न', बायबलमधल्या कथेवरचं. जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच. व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावरच्या मठात, पाल्लादिओ या वास्तुकाराने आखलेल्या भोजनशाळेच्या भिंतीसाठी वेरोनेझेने ते १५६२-६३ मध्ये रंगवलं. साधू जेवायला बसले की समोर हे लग्नाचं जेवण, शंभराहून जास्त माणसं, मधोमध येशू, पुढे वादकांचा ताफा. १७९७ मध्ये फ्रेंच सैन्याने ते भिंतीवरून उतरवलं, तुकडे करून पॅरिसला नेलं आणि तिथे पुन्हा जोडलं. १८१५ मध्ये परत द्यायची वेळ आली तेव्हा फ्रेंच म्हणाले, चित्र फार नाजूक आहे, प्रवास सोसणार नाही. बदल्यात शार्ल ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र व्हेनिसला दिलं आणि विषय मिटवला. प्रवास न सोसणारं हे चित्र नंतर दुसऱ्या महायुद्धात गुंडाळून लूव्रबाहेर हलवलं गेलं आणि परतही आणलं गेलं. २००७ मध्ये माद्रिदच्या एका कार्यशाळेने तयार केलेली हुबेहूब प्रतिकृती त्या भोजनशाळेच्या भिंतीवर लावली. व्हेनिसच्या वाट्याला तेवढंच आलं.

माझा राग इथे आहे. त्या दालनात रोज हजारो लोक मोनालिसाकडे तोंड करून मोबाइल उंचावतात आणि खऱ्या लुटीकडे पाठ करून उभे राहतात. हा मजकूर नेमकं तेच करतो. ज्या चित्रावर हक्क सांगायला आधार नाही त्याच्या नावाने गळा काढतो आणि ज्याच्या लुटीचे कागद उपलब्ध आहेत त्याचं नावही घेत नाही. खोटा हक्क सांगितला की खरा हक्क नाकारणं सोपं होतं. संग्रहालयाला 'यांना इतिहास माहीत नाही' एवढंच म्हणावं लागतं. आपण स्वतः परत मागणारे लोक आहोत. कोहिनूरबाबत आपली बाजू १८४९ च्या लाहोरच्या तहावर उभी आहे, दहा वर्षांच्या दलीपसिंगाकडून तो हिरा कसा घेतला गेला यावर उभी आहे. त्या हिऱ्याचा फोटो या थापेखाली चिकटवणं म्हणजे आपल्याच दाव्याचं नुकसान करणं.

आता पेरुज्जा. तो लूव्रमध्ये चित्रांना काच बसवण्याच्या कामावर होता. २१ ऑगस्ट १९११ ला, सोमवारी, संग्रहालय बंद असताना त्याने चित्र पळवलं. एवढा देशभक्त होता तर ते दोन वर्षं पॅरिसमधल्या खोलीत ट्रंकेत का ठेवलं? १९१३ च्या अखेरीस त्याने फ्लॉरेन्सच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिलं, सही 'लिओनार्दो' अशी केली, आणि मोबदला मागितला. त्या व्यापाऱ्याने उफ्फीझी संग्रहालयाच्या संचालकांना बोलावलं, चित्राची खात्री पटली आणि पेरुज्जा पकडला गेला. फ्रान्सने त्याला तुरुंगात टाकलं हे तर धडधडीत खोटं. खटला चालला फ्लॉरेन्सच्या इटालियन न्यायालयात, १९१४ मध्ये. शिक्षा इटलीने दिली, आणि तीही अपिलात सात महिन्यांवर आली. नेपोलियनने चित्र नेलं असं तो सांगत असे. तरीही त्या न्यायालयाने त्याला दोषीच ठरवलं. इटलीच्या सरकारने मोनालिसा फ्लॉरेन्स, रोम आणि मिलान इथे लोकांना दाखवली, बघायला तोबा गर्दी झाली, आणि १९१४ च्या जानेवारीत ती पॅरिसला पोचलीही. आपला हक्क आहे असं इटलीच्या सरकारला वाटलं असतं तर चित्र हातात असताना त्यांनी ते परत केलं असतं का?

नक्कल असल्याच्या गोष्टीवर फार वेळ घालवत नाही. चोरीच्या काळात सहा नकला करून विकल्याची एक कथा १९३२ मध्ये अमेरिकेत एका मासिकात आली. तिला दुसरा कुठलाच पुरावा नाही. फ्लॉरेन्समध्ये चित्र सापडलं तेव्हा फळीच्या मागचे लूव्रचे शिक्के आणि रंगावरच्या बारीक भेगा जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्या होत्या. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मोनालिसाची एक जुनी प्रत आहे हे खरं, पण ती प्रत म्हणूनच टांगलेली आहे, कुणी लपवलेली नाही.

'कधीच देत नाहीत' हेही चूक. १९६३ मध्ये मोनालिसा वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कला गेली, १९७४ मध्ये टोकियो आणि मॉस्कोला. त्यानंतर बाहेर पाठवलेली नाही, कारण ती कापडावर नाही, पॉप्लर लाकडाच्या पातळ फळीवर रंगवलेली आहे. फळी वाकलेली आहे, वरच्या बाजूला जुनी चीर आहे, हवेतल्या दमटपणाबरोबर ती हलते. २०१९ मध्ये लिओनार्दोच्या निधनाला ५०० वर्षं झाल्याबद्दल लूव्रने स्वतःच भव्य प्रदर्शन भरवलं तेव्हाही तिला त्या प्रदर्शनाच्या दालनात हलवलं नाही, पण ते तिच्यासाठी येणारी गर्दी तिथे मावणार नव्हती म्हणून.

त्या प्रदर्शनासाठी इटलीने काय केलं तेही बघा. व्हेनिसच्या आकादेमिया संग्रहालयाने लिओनार्दोचं वर्तुळ-चौकोनातल्या माणसाचं प्रसिद्ध रेखाटन काही आठवड्यांसाठी पाठवलं. इटलीतली एक वारसा संघटना याविरुद्ध न्यायालयात गेली, न्यायालयाने आधी स्थगिती दिली, मग परवानगी दिली. बदल्यात १५२० मध्ये वारलेल्या राफाएलच्या पाचशेव्या पुण्यतिथीनिमित्त रोममध्ये २०२० मध्ये भरलेल्या प्रदर्शनाला लूव्रकडून राफाएलची चित्रं आली. भांडण, वकील, करार, देवघेव, सगळं उघड्यावर झालं. रोमच्या त्याच वास्तूत, स्कुदेरिए देल क्विरिनालेमध्ये, २०१६ च्या डिसेंबरात कानोव्हाने परत आणलेल्या ठेव्याला २०० वर्षं झाल्याबद्दल प्रदर्शन भरलं होतं. इटालियन लोक नेपोलियनची लूट विसरलेले नाहीत. ते ती नावानिशी मांडतात, आणि त्या यादीत मोनालिसा नाही.

राहिला 'सगळा लुटीचा माल' हा शेवटचा दावा. व्हेनिसचा चित्रकार टिशियन याने स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी पुराणकथांवरची सहा चित्रं काढली, ती त्याने स्वतः फिलिपला पाठवली. पुढे ती विखुरली. २०२० मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्या सहाही चित्रांना चारशेहून अधिक वर्षांनी पहिल्यांदा एका खोलीत आणलं, आणि त्यासाठी लंडनच्याच वॉलेस कलेक्शन या संग्रहालयाने वस्तू बाहेर न देण्याची आपली जुनी प्रथा मोडली. यातलं इटलीतून लुटलेलं काय आहे? लांब कशाला, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांनी जमवलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. त्यांनी ती पैसे मोजून घेतली आणि संग्रहालयाला दिली. मजकूर लिहिणाऱ्याने त्या दालनात उभं राहून 'हा सगळा लुटीचा माल' हे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवावं.