‘किमान रक्कम भरा, व्याज लागत नाही’ म्हणणाऱ्या निरोपाविषयी

गेल्या आठवड्यात आतेभावाने मला व्हॉट्सॲपवर एक लांबलचक निरोप पाठवला आणि खाली विचारले, "ताई, मी चार महिने असंच करतोय, बरोबर आहे ना?" ‘क्रेडिट कार्ड आणि ओव्हरड्राफ्टच्या कर्जातून सुटण्याचे पाच कायदेशीर मार्ग’ या मथळ्याचा हा निरोप आमच्या सोसायटीच्या गटातही दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी तो न वाचता पुसून टाकला होता. त्यातले पाच मार्ग असे: रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमाप्रमाणे फक्त किमान देय रक्कम भरली की व्याज लागत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 30 टक्क्यांहून अधिक व्याज बेकायदा ठरवले आहे, तीन वर्षे काहीच भरले नाही तर कर्ज आपोआप रद्द होते, तडजोड केली की सिबिल (म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणारा पतअहवाल) स्वच्छ होते, आणि ओव्हरड्राफ्ट (बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत खात्यातून उचलता येणारे कर्ज) काढून कार्ड फेडावे, मग ओव्हरड्राफ्टचे नुसते व्याज भरत राहावे.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकून माणूस निर्धास्त होतो. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत नेमके उलटे लिहिले आहे. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याज चढत जाते, असा इशारा बिलावर छापणे त्या निर्देशांनी बँकांना बंधनकारक केले. मागील बिलातील काही रक्कम बाकी असेल तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, हेही ग्राहकाला सांगणे भाग आहे. भावाचे बिल मी त्याच्यासमोर टेबलावर पसरले, तेव्हा तो इशारा दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत होताच. मात्र पहिल्या पानावर किमान रकमेचा आकडा ठळक चौकटीत होता आणि भावाने चार महिने तेवढाच वाचला होता.

हिशेब त्याच्याच बिलाचा. बाकी 80,000 रुपये, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 2,800 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 504 रुपये. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे 4,000 रुपये. त्यातून 3,304 रुपये व्याज आणि करात गेले, मुद्दल उतरले अवघे 696 रुपयांनी. चार महिन्यांत पंधरा हजारांहून अधिक भरूनही त्याचे कर्ज तीन हजारांनीसुद्धा कमी झाले नव्हते. याच चालीने ऐंशी हजारांचे चाळीस हजार व्हायला साडेसहा वर्षे लागतील आणि तोवर भरणा दोन लाख तीस हजारांच्या घरात जाईल, तोही कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी न करता. भावाने कार्ड कपाटात ठेवले होते हे नशीब. नाहीतर पाचशेच्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज लागले असते.

एवढे मात्र मान्य करावे लागेल की निरोप लिहिणाऱ्याने त्या निर्देशांचे नाव कुठेतरी ऐकलेले दिसते. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावायला त्यांत मनाई आहे, आणि देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय विलंबशुल्क आकारता येत नाही. पण शुल्कावरील व्याजाची मनाई म्हणजे थकबाकीवरील व्याजाची माफी नव्हे.

तीस टक्क्यांची गोष्ट तर चक्क उलटी केली आहे. ती मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये घातली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी आयोगाचा तो निकालच रद्द केला.

तीन वर्षांचा मुद्दा मुदत कायद्यातून (1963) उचललेला आहे. वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो, हे खरे; पण मुदत टळली तर दाव्याचा मार्ग बंद होतो, देणे पुसले जात नाही. शिवाय मुदत संपण्याआधी कलम 18 प्रमाणे सहीनिशी लेखी कबुली दिली, किंवा कलम 19 प्रमाणे काही रक्कम भरून त्याची लेखी नोंद ठेवली, की मुदत नव्याने सुरू होते. म्हणजे एकीकडे दरमहा किमान रक्कम भरा आणि दुसरीकडे काहीच न भरता तीन वर्षे थांबा, असे हा निरोप एका दमात सांगतो, आणि तो पुढे ढकलणाऱ्या एकालाही ही विसंगती खटकत नाही! बँक तीन वर्षे हातावर हात ठेवून बसेल, हे गृहीत धरणे तर आणखी भाबडेपणाचे आहे.

तडजोडीबद्दल फार लिहीत नाही. पतअहवालात ‘सेटल्ड’ (तडजोडीने कमी रकमेत मिटवलेले) आणि ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेले) या दोन वेगळ्या नोंदी असतात आणि पुढचे कर्ज देणारा दोन्ही वाचतो.

पाचव्या मुद्द्यातला अर्धा भाग बरोबर आहे, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. भावाची एक लाखाची मुदतठेव सात टक्क्यांवर पडून आहे आणि कार्डाचे व्याज करासकट वर्षाला पन्नास टक्क्यांच्या आसपास जाते. ठेवीवरील ओव्हरड्राफ्टला बँका सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त घेतात, तेही वापरलेल्या रकमेवर आणि दिवसांच्या हिशेबाने. त्यामुळे तो काढून कार्ड एकदम फेडणे हिशेबाला धरूनच आहे. मात्र ‘नुसते व्याज भरत राहा’ हे शेपूट कापायला हवे, कारण मुद्दल तसेच ठेवले तर शेवटी बँक ते ठेवीतूनच वळते करून घेणार. भाऊ सोमवारी शाखेत जाऊन अर्ज देऊन आला आहे, आणि किमान रकमेऐवजी पूर्ण बिल आपोआप वळते होण्याची सूचना कार्डाच्या ॲपमध्ये त्याने माझ्यासमोरच भरली.