रात्रभर जागण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

"एक रात्र जागा, सकाळी केळं खा, सेरोटोनिन वाढतं, डिप्रेशनच्या गोळ्या बंद", हा मेसेज परवा मीही फॅमिली ग्रुपवर टाकला होता, चूक झाली, प्लीज तो डिलीट करा.

यात थोडं खरं आहे म्हणूनच तो पटतो. रात्रभर जागल्यावर डिप्रेशनच्या काही पेशंटना दुसऱ्या दिवशी खरंच बरं वाटतं, हे 1970च्या दशकापासून डॉक्टरांना माहीत आहे, पण एक झोप काढली की बहुतेकांचा त्रास परत येतो. आणि सेरोटोनिन हे मूडशी संबंधित रसायन आहे खरं, पण केळ्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही.

खरी भीती वेगळीच आहे. जितका वेळ जागं राहू तितक्या मेंदूच्या पेशी जास्त चटकन उत्तेजित होतात, डोक्यावर चुंबकाचा झटका देऊन ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढला की हे दिसतं. माझ्या भाच्याला फिट्स येतात, त्याच्या ईईजीआधी डॉक्टरांनीच मुद्दाम जागवायला सांगितलेलं, ताई रात्रभर त्याच्याशी पत्ते खेळत बसली होती, कारण जागरणाने लपलेली गडबड ईईजीत दिसायची शक्यता वाढते. मग असं जागरण घरी, स्वतःच्या मनाने? फिट येऊ शकते, बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) असेल तर मेनिया, म्हणजे अति उत्साहाचा, बेभान होण्याचा झटका उसळू शकतो.

गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांना हा पाठवा, जुना कृपया थांबवा.