चाक नाही उघडलं म्हणून बेल्ट सोडता का बे?

आमच्या मोठ्या आईचं पुढच्या आठवड्यात नागपूरहून पुण्याचं तिकीट आहे, पहिल्यांदाच विमानात बसणार, आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी तो मेसेज टाकला. 'उतरताना विमानाचं चाक उघडलं नाही तर', खाली चार मुद्दे, शेवटी 'दहा जणांना पाठवा'. आता ती म्हणते तिकीट रद्द कर, त्यापेक्षा ट्रॅव्हल्स बरी.

पहिला मुद्दा, पायलटजवळ दोनच मिनिटं असतात. काहून बाप्पा? चाकं लॉक झाल्याचे हिरवे लाइट लागले नाही तं तो उतरतच नाही, पॉवर देऊन वर जातो, घिरट्या मारत चेकलिस्ट काढतो. हायड्रॉलिक, म्हणजे चाकं उघडणारा तेलाचा दाब, गेला तरी नुसतं लॉक सोडलं की चाकं आपल्या वजनानं खाली येतात, ती सोय वेगळी दिलेली असते. २०११ मध्ये पोलंडच्या वॉर्सात तीही चालली नाही, बोइंग ७६७ होतं, आत २३१ माणसं, कॅप्टन व्रोनानं तासाभराच्या वर घिरट्या घातल्या, हवाई दलाच्या लढाऊ विमानांकडून खालून पोट पाहून घेतलं आणि मग पोटावर उतरवलं. एकही माणूस मेला नाही. नंतर विमान उचलून पडलेला सर्किट ब्रेकर (घरच्या एमसीबीसारखं बटण) दाबला तं चाकं आरामात उघडली! उलट १९७८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला क्रू चाकाच्याच मागे लागला, तिकडे इंधन संपलं अन् दहा जण गेले. म्हणजे वेळ कमी नव्हता, जास्तच घेतला.

आता तो चीड आणणारा मुद्दा. 'टेकायच्या आधी बेल्ट सोडून शेपटीकडे पळा, मागचे वाचतात.' अरे, पोटावर घासत चाललेल्या विमानात उभा माणूस म्हणजे फेकलेलं पोतं, स्वतः तं मरेलच, पुढच्यालाही घेऊन जाईल. शिवाय शंभर माणसं एकदम मागं धावली तं विमानाचा तोल बिघडतो, नेमका उतरताना, जेव्हा पायलटले तो सगळ्यात जास्त लागतो. हे कुठून आलं असावं तेही सांगतो, कारण यात अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागते. २००५ मध्ये जेटब्लू या अमेरिकी कंपनीच्या एअरबस ए ३२० चं पुढचं चाक ९० अंशात आडवं फिरलं होतं, तेव्हा पुढच्या रांगा रिकाम्या करून लोकांना मागं बसवलं, नाक उशिरा टेकावं म्हणून. पण ते क्रूनं केलं, उतरायच्या आधी, आणि मागं बसवून बेल्ट लावूनच. लॉस एंजेलिसला ठिणग्या उडाल्या, कोणाला खरचटलंही नाही. मोठ्या आईनं एवढंच करायचं, बेल्ट घट्ट, डोकं खाली, पाय जमिनीवर, आणि एअर होस्टेस सांगेल ते.

पेट्रोल फेकतात अन् खालची कपाशी जळते म्हणे. बऱ्याच मोठ्या विमानांत हवेतच इंधन सोडायची सोय असते, २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळांवर पडलंही होतं. पण ए ३२० आणि बोइंग ७३७ या लहान विमानांत ती सोयच नाही, ती विमानं फिरून फिरून इंधन जाळतात. कपाशीसाठी बोंडअळी पुरेशी आहे.

मोबाईल चालू असला की चाक अडकते? चाक हायड्रॉलिक तेलाच्या दाबानं उघडते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, क्रू सांगतात म्हणून, अन् तेवढा वेळ तरी फॉरवर्ड बंद राहतील.