पिशवी नको, चार्ज द्या

सप्टेंबर लागला की नागपुरातल्या मनीषनगरच्या आमच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर तोच वाद. ३० तारखेच्या आत वार्षिक सभा घ्यायची, पण सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही. काका लोक लिहितात, 'आजकालच्या पोरांना जबाबदारीच नको.' स्टुटगार्टला बसून हे वाचलं तरी डोकं तापतं.

पोरांच्या हाती देता काय? पिशवी! त्यात रबरी शिक्का, अर्धवट मिनिट बुक, लिफ्टवाल्याच्या जुन्या पावत्या. बँकेचा ओटीपी आणि कॉमन मीटरच्या बिलाचा मेसेज जुन्या सेक्रेटरीच्याच मोबाइलवर. ते पुण्याला लेकीकडे गेले, बिल राहिलं, लाइन कापली की ऐन मे महिन्यात पंप बंद. शिव्या खातो नवा. वरून सहकार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयांना समितीचे सगळे सदस्य मिळून आणि एकेकटेही जबाबदार.

इथे जर्मनीत साध्या फेराइनमध्येही, म्हणजे क्लब-मंडळातही, कासेनप्र्यूफर म्हणजे हिशेब तपासनीस वह्या तपासतात, सभा एंटलास्टुंग म्हणजे जबाबदारीतून मुक्तता देते, मगच खजिनदार मोकळा होतो.

आपल्याकडेही जमेल. पहिल्या वर्षी नव्या माणसाकडे फक्त टाकी आणि लिफ्ट. दुसऱ्या वर्षी चेकवर दुसरी सही. महिनाअखेर पासबुक आणि कॅशबुक त्यानेच जुळवायचं. मग सेक्रेटरीपद. चार्ज यादी करून, दोघांच्या सहीने: मिनिट बुक, आय आणि जे नमुना (सभासदांची नोंदवही आणि यादी), ऑडिट रिपोर्ट, एफडीच्या पावत्या, थकबाकीदारांची नावं. त्याच आठवड्यात ठराव करून बँकेतल्या सह्या आणि मोबाइल नंबर बदलायचे. जानेवारी आणि जुलैचा बी फॉर्म, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला, डायरीत लिहून ठेवायचा.

नवा माणूस खचतो तो थकबाकी मागताना. लहानपणापासून ओळखणारे शेजारी विचारतात, 'काहून बे, तू आता मले शिकवशील?' म्हणून तोंडी मागूच नये. समितीच्या ठरावाचा नंबर टाकून नोटीस द्यावी, खाली स्वतःची सही करावी. तेव्हा समितीच्या बाकी लोकांनी पाठ फिरवली, तर पुढच्या वर्षी कोणीच उभं राहत नाही.

आणि आम्ही बाहेर राहणारे मालक? भाडेकरू ठेवतो, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतचं बिनभोगवटा शुल्क भरतो आणि ग्रुपवर अक्कल शिकवतो. सभासदांच्या नोंदवहीत नाव आहे, एवढ्यावरच स्वतःला नागपूरचं म्हणवतो. टाकीत डोकावणं इथून होत नाही, हिशेब जुळवणं होतं. यंदा ते काम मी मागून घेतो आहे. काका, स्टेटमेंट पाठवा.