काहीच घडलं नाही, त्याचा वार्षिक अहवाल

"मग हल्ली काय करतोस?" हा प्रश्न काकांनी विचारला की माझ्या पोटात गोळा येतो. बाकीच्या भावंडांना बरंय, एक बँकेत, एक सॉफ्टवेअरमध्ये, दोन शब्दांत विषय संपतो. मी एका छोट्या जमीन संवर्धन संस्थेत आहे. म्हणजे एखादा माळ, ओढ्याकाठचा तुकडा, जुनं रान असं काहीतरी संस्थेनं विकत घ्यायचं, नाहीतर कायद्यात सोय असेल तर मालकाशी करार करायचा की जमीन तुमचीच, नाव तुमचंच, पोरांना द्या, विका, काय हवं ते करा, फक्त इथं बांधकाम करायचा हक्क तेवढा कायमचा सोडा, आणि मग तिथं खरंच कोणी काही करत नाहीये ना, हे आम्ही दरवर्षी जाऊन बघायचं. एवढं सगळं ऐकून काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे वॉचमन."

"वॉचमनला खुर्ची असते," काकू आतून म्हणाल्या.

या "कायमचा" शब्दाची तर मला भीतीच वाटते. करारात तो पानोपानी असतो, जमीन कायमची राखायची, देखरेख कायमची, जबाबदारी कायमची. आणि ज्या पोराच्या भरवशावर हे सगळं आहे, म्हणजे मी, त्याचं अपॉइंटमेंट लेटर दर वर्षी नव्यानं निघतं, तेही प्रोजेक्टचं फंडिंग आलं तर. ऑफिसचा प्रिंटर तीन डोनरांपूर्वीचा आहे आणि पान आडवं घालून वरून हात ठेवला तरच चालतो, त्याच प्रिंटरवर आम्ही अनंतकाळाचे करार छापतो.

तसा हा उद्योग जुना आहे बरं का. अमेरिकेत चार्ल्स एलियट नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टच्या पुढाकारानं 1891 साली मॅसॅच्युसेट्समध्ये अशी पहिली संस्था निघाली. त्याचं म्हणणं साधं होतं, लायब्ररी लोकांसाठी पुस्तकं सांभाळते, म्युझियम चित्रं सांभाळतं, तशी कोणीतरी सुंदर जमीन सांभाळावी. नवीन स्वयंसेवक आले की आमचे सर हे अगदी गहिवरून सांगतात. मला दरवेळी वाटतं की एलियटसाहेब, लायब्ररीतली पुस्तकं रात्रीतून एकमेकांवर चढत नाहीत हो. आमच्याकडे घाणेरी आहे. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, बागेत शोभेला म्हणून लोकांनी जगभर नेली आणि ती कुंपणावरून उडी मारून रानात गेली. वरून कापली तर बुंध्यातून दुप्पट जोमानं फुटते, म्हणून मुळाशी खणून काढायची, काढून वाळायला टाकायची, हाताला ओरखडे, अंगाला तो वास, आणि तुम्ही पाठ वळवेपर्यंत कुठलातरी पक्षी तिचीच फळं खाऊन तिथंच येऊन बसलेला असतो.

ऑफिसात आम्ही साडेपाच माणसं. अर्धा म्हणजे मॅपवाला, तो आठवड्यातून तीनच दिवस येतो, पण आला की आमच्यापैकी कोणाच्या पायांपेक्षा त्याचा स्क्रीनवर जास्त विश्वास असतो. दाट झाडीत हातातलं जीपीएस पाच-दहा मीटर इकडे तिकडे दाखवतं हे त्याला मान्य आहे, पण फक्त तात्त्विक पातळीवर. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून फोन केला की अरे तुझी हद्द ओढ्यातून जातेय, तर म्हणतो, "मग बरोबरच आहे, दोन पावलं डावीकडे हो." डावीकडे डोह होता. सर आहेत ते बहुतेक वेळ प्रपोजल लिहीत असतात, आणि अकाउंट्सवाली ताई गेल्या सहा वर्षांत एकदाही फील्डवर आलेली नाही पण प्रत्येक साइट तिला बिलांवरून तोंडपाठ आहे. "त्या माळावर यंदा कोयते फार हरवले तुमचे," असं ती म्हणते आणि ते खरं असतं.

स्वयंसेवक हा वेगळाच प्रकार. एका कंपनीचे साठेक लोक नव्या कोऱ्या टीशर्टात आले होते, उत्साह म्हणाल तर काठोकाठ. मी घाणेरी दाखवली, पानं चुरगाळून वास दिला, फुलं ओळखायला शिकवली, आणि पाण्याच्या बाटल्या आणायला गाडीपर्यंत जाऊन आलो एवढंच. तेवढ्यात त्यांनी आम्ही आदल्या पावसात लावलेली स्थानिक झाडांची रोपं ओळीच्या ओळी उपटून नीट ढीग करून ठेवली होती. घाणेरीला कोणी हात लावला नव्हता कारण "ती फुलं किती क्यूट आहेत ना." वर ग्रुप फोटो. फोटोत मी हसतोय.

पण सगळ्यात कठीण काय असेल तर डोनरला माळ दाखवणं. जंगल दाखवलं की लोक खूश होतात, गवताळ माळ बघितला की त्यांना तो रिकामा प्लॉट दिसतो. "इथं हजार झाडं लावूया की!" आता यांना कसं सांगायचं की हे गवतच इथलं मूळ राहणारं आहे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी याच्याच भरवशावर आहेत आणि सावली पडली की उन्हात वाढणारं हे गवत जातं. हे मी सांगतो. ते मान हलवतात. मग म्हणतात, "बरं, पाचशे?"

झाडं नाहीत तर निदान बाकडं. वडिलांच्या नावाचं, कठड्याजवळ, व्ह्यू येईल असं. इथं मला फॅनी टॅल्बटबाई आठवतात. ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टला 1895 मध्ये पहिली जमीन मिळाली ती या बाईंकडून, वेल्समध्ये बारमथच्या वरची समुद्राकडे बघणारी साडेचार एकर टेकडी, आणि देतानाच त्यांनी सांगून ठेवलं की गवतातली पायवाट चालेल, योग्य जागी दगडाची बैठक चालेल, पण डांबरी वाटा आणि सापाच्या नक्षीची बिडाची बाकडी मला नकोत. काय दूरदृष्टी! मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "त्यांनी जमीन फुकट दिली होती. आपल्याला बाकडंवाल्याकडून प्रिंटर हवाय."

तर वर्षातून एकदा ती हद्दीची फेरी. करार झाला तेव्हा जमीन कशी होती याचा एक जाडजूड अहवाल असतो, त्यात नकाशे, झाडाझुडपांच्या नोंदी, आणि ठरलेल्या जागांवरून ठरलेल्या दिशेला काढलेले फोटो. दरवर्षी त्याच जागी उभं राहून त्याच दिशेला तोंड करून तोच फोटो काढायचा. उद्या कोणी तिथं गुपचूप शेड टाकली, मुरूम काढला तर पुरावा हवा म्हणून. म्हणजे मी दिवसभर काट्यांतून फरफटत जातो ते आदल्या वर्षीसारखाच फोटो मिळावा म्हणून, आणि मिळाला की मला खरंच आनंद होतो. मग अहवालात लिहायचं, "बदल: नाही." असे बावीस पॉइंट. बावीस वेळा "नाही". गेल्या वर्षी एक नवीन ट्रस्टी मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले होते की तुम्ही नक्की जाता ना?

यंदाच्या बोर्ड मीटिंगला मी स्लाइड लावल्या, डावीकडे जुना फोटो उजवीकडे नवा, सगळे जांभया देतायत, आणि पॉइंट नंबर सतरावर तेच ट्रस्टी एकदम पुढे सरकले. "हे निळं काय आहे?"

फांदीवर काहीतरी निळं होतं. आधीच्या वर्षीच्या फोटोत बघितलं, तिथंही. त्याच्याही आधीच्या वर्षी, जास्त गडद निळं. त्याच्या आधीच्या वर्षी नव्हतं. खोलीत एकदम जान आली. अतिक्रमण? खुणेचं फडकं? कोणी मोजणी करून गेलं का? मॅपवाल्यानं झूम केलं, अजून झूम केलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

माझी टोपी. तीन वर्षांपूर्वी फेरीत हरवली म्हणून मी ऑफिसकडून नवी घेतली होती, बिल लावून. ती तिथंच फांदीला अडकलेली, आणि मी दरवर्षी तिचा व्यवस्थित, योग्य दिशेनं, फोकस साधून फोटो काढून खाली लिहीत होतो, "बदल: नाही."

सर म्हणाले, उद्याच्या उद्या जाऊन काढून आण. गेलो. टोपीत घरटं होतं, घरट्यात तीन पिल्लं, आणि आमच्याच नियमाप्रमाणे, जो मीच मराठीत टाइप केलाय, घरटं असलेल्या फांदीला हात लावायचा नाही. तसाच परत आलो आणि ऑफिसात सांगितलं की टोपी आता तिथंच राहणार.

अकाउंट्सवाल्या ताईनं चष्मा वर केला. "मग असेट रजिस्टरला धरू का?"