स्प्रे बॅगेत नको, लाइफ जॅकेटवर हवा

‘अस्वलांच्या मुलखात कनू घेऊन जाताय तर बंदूक हवीच, स्प्रे म्हणजे नुसतं मनाचं समाधान’ हे कनू-सफरीवरच्या (कनू म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी) लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. स्प्रे म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा. अलास्कातल्या घटनांवर अस्वल-संशोधक स्मिथ आणि हेरेरो यांचा २००८ चा अभ्यास आहे: स्प्रे मारल्यावर तपकिरी अस्वलं ९२ टक्के वेळा मागे हटली. धावत्या अस्वलावर नेम धरणं आपल्यासारख्या हौशी वल्हेकऱ्यांचं काम नव्हे. हडसन बेच्या किनाऱ्याकडे ध्रुवीय अस्वलं असतात, तिथे बंदुकीचा मुद्दा मान्य.

खरी गडबड वेगळीच. आम्ही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात बाउरन लेक्स या तलावांवर जातो. तिथे पोर्टेजवर, म्हणजे होडी आणि सामान जंगलातून वाहून नेताना, बऱ्याच जणांचा स्प्रे ड्रायबॅगच्या, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीच्या, तळाशी असतो! अस्वल समोर यायची शक्यता नेमकी तिथेच जास्त. आणि स्प्रेचा डबा विमानात नेता येत नाही, केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, हे लेखात यायला हवं होतं. तिथे पोहोचल्यावरच विकत घ्यावा लागतो. बाउरनच्या कॅम्पसाइटवर अन्न ठेवायला धातूच्या पेट्या असतात, त्यांचाही उल्लेख नाही. रात्री तंबूत बिस्किटं ठेवून झोपणाऱ्याला स्प्रेचा कुठलाच डबा पुरायचा नाही.