लागेल कधीतरी

सोफ्याचं कापड बदलायचं होतं. कारागीर म्हणाला, "ताई, आधी फोटो पाठवा, मग किती कापड लागेल ते सांगतो." मी फोटो पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "यात सोफा कुठाय?"

रागच आला. बारा वर्षं त्या सोफ्यावर बसतेय मी! तणतणत फोटो मोठा करून पाहिला. धुतलेल्या कपड्यांचा ढिगारा, त्यावर लॅपटॉपची बॅग, बॅगेवर हेल्मेट आणि शेजारी लेकाने शाळेसाठी केलेला पुठ्ठ्याचा ज्वालामुखी. तोही दोन इयत्तांपूर्वीचा. उजवीकडे वीतभर तपकिरी काहीतरी डोकावत होतं, तो सोफा. मी बसते ती तेवढ्याच जागेवर.

एखादी वस्तू रोज त्याच जागी दिसली की मेंदू तिची दखल घेणं सोडून देतो. घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते, तसंच. कॅमेऱ्याला ही भीडभाड नसते. त्या संध्याकाळी मी घरभर फोटो काढत हिंडले आणि ते पाहून परक्याच्या घरात शिरल्यासारखी ओशाळले.

रविवारी आवराआवर काढली. सुरुवात अर्थातच नवऱ्याच्या वायरींच्या खणापासून. अडगळ नेहमी दुसऱ्याचीच असते, आपल्या असतात त्या आठवणी. खण उघडायलाच दोघं लागलो. आत वायरींनी एकमेकींना अशी मिठी मारलेली, की एक ओढली तर अख्खं खानदान वर येत होतं. त्यात कॉम्प्युटरला मॉनिटर जोडायची व्हीजीएची केबल निघाली. हा प्रकार 1987 साली आला आणि आमच्याकडून अजून गेलेला नाही. ती जोडता येईल असं एकही यंत्र घरात नाही.

"टाकू?"

"टाक. आणि उद्या लागली की मला विचारू नकोस."

याच खणाच्या तळाशी जुन्या फोनची बॅटरी होती, उशीसारखी फुगलेली. नवरा एकदम गंभीर झाला. ही लिथियमची बॅटरी, साध्या कचऱ्यात टाकून चेपली गेली तर पेट घेऊ शकते, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायला हवी, वगैरे. सगळं खरं होतं. फक्त एवढं ज्ञान असलेल्या माणसाने ती चार वर्षं आपल्याच उशापासून हातभर अंतरावर ठेवली होती.

मग त्याने माझी फाइल काढली. वर सुवाच्य अक्षरात 'वॉरंटी'. आत अकरा कोऱ्या चिठोऱ्या, व्यवस्थित भोकं पाडून ओवलेल्या.

"हे काय आहे?"

"पावत्या."

"कशाच्या?"

इथे मी शांत राहिले. त्या छापील पावत्यांवर शाई नसतेच म्हणे. कागदावर उष्णतेने काळा पडणारा थर असतो आणि तो हळूहळू पुसट होतो. म्हणजे मी इतकी वर्षं निव्वळ भोकं जपली होती. तरी त्याने खोक्यांना हात घालायला नको होता. माझ्याकडे प्रत्येक वस्तूचं खोकं आहे. मोठ्या खोक्यात मधलं, मधल्यात लहान, लहानात थर्माकोल. कित्येक वस्तू भंगारात गेल्या, खोकी मात्र नव्यासारखी आहेत.

तिढा सुटेना तेव्हा लेकीने फोनवर शोधून एक प्रयोग वाचून दाखवला. डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या तिघांनी 1990 साली तो छापला होता. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि विकायला सांगितले. ज्यांना मिळाले नव्हते ते जेवढे पैसे द्यायला तयार होते, त्याच्या साधारण दुप्पट हे मालक मागायला लागले. कॉफीचा मग तोच, फक्त 'माझा' झालेला. "म्हणून असं विचारायचं," लेक म्हणाली, "की ही वस्तू आज दुकानात दिसली तर विकत घ्याल का?"

फार दुष्ट प्रश्न आहे. कपाटातली माझी ती जुनी जीन्स दुकानात दिसली असती तर मी तिच्याकडे पाहिलंही नसतं. आणि कुठल्याच कुलपाला न लागणारा किल्ल्यांचा जुडगा जगात कोण विकत घेतं? (जुडगा ठेवला आहे. उद्या एखादं कुलूप सापडलं तर?)

असे वाद घालत संध्याकाळपर्यंत तीन पिशव्या भरल्या. एक द्यायची, एक भंगाराची, एक 'बघू'ची. 'बघू'ची सगळ्यात जड. दाराशी ओळीने ठेवल्या, सकाळी जाताना न्यायच्या म्हणून. बॅटरी तेवढी नवऱ्याने त्याच रात्री ऑफिसच्या बॅगेत टाकली आणि दुसऱ्या दिवशी खरोखर देऊन आला. मोकळ्या सोफ्यावर आम्ही चौघं एकाच वेळी बसलो. लेकाला तर त्याला मधली उशी असते हेच नव्याने कळलं.

मधे एक-दोन आठवडे गेले असतील. पाऊस लागला, छत्र्या आल्या, त्यांना टेकायला दाराशी बरी जागा मिळाली. मग आठवण झाली आणि कारागिराला नवा फोटो पाठवला. अभिमानाने. पलीकडून लगेच फोन आला.

"हां, आता दिसला सोफा. कापडाचा हिशोब सांगतो. पण ताई, त्या तीन पिशव्याही यायच्यात का दुकानात?"

"कुठल्या पिशव्या?" मी म्हणाले.